नैरोबीतल्या लिंबावरची अळी आणि आपल्या नाशकातली अळी एकच का? आफ्रिकेतल्या फुलपाखराबद्दल माहिती हवी आहे

लिंबोणी_इंदिरानगर:

नमस्कार मंडळी, एका फुलपाखराबद्दल विचारायचंय, जाणकारांनी जरा वेळ काढून सांगा.

माझी धाकटी बहीण नैरोबीला असते. तिच्या गॅलरीत मोठ्या कुंडीत लिंबाचं झाड आहे, कमरेएवढं असेल, आणि सध्या त्याच्यावर अळ्या आल्यात. तिने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले तेव्हा मी तिला लगेच म्हटलं की अगं ह्या तर आमच्या सोसायटीतल्या लिंबावर दर पावसाळ्यात येतात त्याच दिसतायत, म्हणजे लहान असताना काळपट-तपकिरी आणि मधे पांढरा पट्टा, अगदी पक्ष्याची शीट पडलीय असं वाटावं, आणि मोठ्या झाल्या की एकदम हिरव्यागार. एक फुलपाखरू पण तिला दिसलं, काळं आणि त्याच्यावर फिकट पिवळे ठिपके-पट्टे, खाली कंपाउंडला घाणेरी आहे तिच्यावर सारखं येत होतं. आपल्याकडचं लिंबावरचं फुलपाखरू पण असंच असतं ना.

तर प्रश्न असा की हे एकच फुलपाखरू आहे का, आणि असेल तर इतक्या लांब दोन्हीकडे कसं? नसेल तर मग ते तिकडचं कोणतं, राहतं कुठे, खातं काय, फक्त लिंबूच का आणखी काही? तिच्या शेजारणीने औषध मारून टाक म्हणून सांगितलं पण माझी सहा वर्षांची भाची काही केल्या मारू देत नाहीये, तिला त्यांचं फुलपाखरू झालेलं बघायचंय. आणि मला पण मनापासून वाटतं की बघू दे तिला. पण झाड तर निम्मं खाल्लंय, पानं संपली तर काय द्यायचं हे पण सांगा.

अंजनेरीचा_भटक्या:

ताई फोटो बघितले. फार छान प्रश्न विचारलात, आणि भाचीला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

एकच नाहीये पण तुमचा डोळा चुकला असं अजिबात नाही, कारण दोन्ही एकमेकांचे अगदी जवळचे नातेवाईक आहेत. आपल्या नाशकात लिंबू, बेल, कढीपत्ता ह्यांच्यावर येतं ते पॅपिलिओ डेमोलियस, ज्याला सगळे लाइम बटरफ्लाय म्हणतात, लिनियसने १७५८ मध्येच नाव देऊन ठेवलंय. बहिणीकडचं आहे ते पॅपिलिओ डेमोडोकस, सिट्रस स्वॉलोटेल. त्याला एस्पर नावाच्या जर्मन अभ्यासकाने १७९८ साली नाव दिलं. दक्षिण आफ्रिकेत त्याला ख्रिसमस बटरफ्लाय पण म्हणतात, कारण तिकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा आणि त्या दिवसात बागांमधे ते भरपूर उडत असतं. दोघांनाही शेपटी नाही बरं का, स्वॉलोटेल म्हटलं की मागच्या पंखाला शेपट्या असतील असं वाटतं पण ह्या दोघांना नसतात. आफ्रिकेतलं जरा मोठं, पंख पसरले की दहा ते तेरा सेंटिमीटर, आपलं आठ ते दहा. आपल्याकडच्याला मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल ठिपका असतो तो पटकन नजरेत भरतो, तिकडच्याला त्याच जागी निळसर झाक असलेला डोळ्यासारखा ठिपका असतो. पण नैरोबीत आहे म्हटल्यावर डेमोडोकसच, तिथे डेमोलियस नसतं.

राहतं कुठे विचाराल तर सहाराच्या खाली जवळजवळ सगळीकडे. सेनेगलपासून इथिओपिया, केनिया, टांझानिया ते थेट केप टाउनपर्यंत, शिवाय मादागास्कर आणि समुद्र ओलांडून येमेन आणि दक्षिण ओमानच्या डोंगरात पण. ह्याला मोकळी, उन्हाची जागा लागते. गवताळ सव्हाना, जंगलाची कड, नदीकाठची झाडी, शेतं, फळबागा, शहरातल्या बागा, इथे सगळीकडे भेटणार. काँगोसारखं दाट अंधारं जंगल असेल तर आतमधे नाही, कडेला किंवा जिथे झाड पडून ऊन आत आलंय तिथे. उन्हात अंग तापल्याशिवाय त्याला नीट उडताच येत नाही, आणि फुलं पण उन्हातच जास्त.

आता ह्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. लिंबू, संत्रं, मोसंबी हे काहीच मुळात आफ्रिकेतलं नाही. ही सगळी झाडं आपल्या बाजूची, हिमालयाचा पूर्वेकडचा पायथा, ईशान्य भारत, म्यानमार, दक्षिण चीन हा त्यांचा मूळ मुलूख. व्यापारी, अरब, नंतर युरोपियन लोक ह्यांनी ती आफ्रिकेत नेली. मग त्याआधी हे फुलपाखरू काय खात होतं? तर लिंबाच्याच कुळातली तिथली रानझाडं. केप चेस्टनट म्हणून गुलाबी फुलांचं मोठं झाड आहे, केनियात पण आहे, ते. क्लॉसेना, वेप्रिस ही झाडं. आणि झँथोझायलम, म्हणजे कोकणात माशाच्या कालवणात तिरफळ घालतात ना, त्या तिरफळाचे आफ्रिकेतले भाऊबंद. ह्या सगळ्यांचं पान चुरगाळलं की तोच तेलकट-सुगंधी वास येतो, कारण पानात तेलाचे बारीक बारीक ठिपके असतात, उजेडात धरलं तर दिसतात. माणसाने लिंबू लावलं, मादीने पानावर पाय टेकवून बघितला आणि तिला ओळखीची खूण मिळाली, विषय संपला. आता रानातल्या झाडांपेक्षा लिंबा-संत्र्यावरच ते जास्त दिसतं आणि जिथे जिथे फळबागा गेल्या तिथे तिथे ते पण आहे.

पाय टेकवून म्हटलं ते खरोखरच. मादीच्या पुढच्या पायांवर चव ओळखणारे सूक्ष्म केस असतात. तुमच्या सोसायटीतल्या लिंबावर सकाळी दहा-अकराच्या उन्हात बघा, मादी प्रत्येक फांदीवर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पानावर टपटप करते, पंखांची फडफड चालूच, आणि पटलं तर पोट पुढे वळवून कोवळ्या पानावर एकच अंडं चिकटवून पुढे जाते. मोहरीएवढंही नसतं, गोल, फिकट पिवळं. घोळक्याने घालत नाही, एका जागी एक. आपलं आणि आफ्रिकेतलं, दोन्हींचं वागणं ह्या बाबतीत सारखंच.

मखमलाबाद_रोपवाटिका:

भटक्या भाऊ माहिती एक नंबर, पण आमची पण बाजू ऐका. आमच्याकडे लिंबाची रोपं पिशवीत असतात, वीतभर-दीड वीत, आणि त्याच्यावर एक मोठी हिरवी अळी बसली तर दोन दिवसात नुसती काडी राहते. पावसाळ्यात आणि मग हस्त बहराची पालवी फुटते तेव्हा तर रोज सकाळी रांगेरांगेने फिरावं लागतं. ज्याचं पोट रोपांवर आहे त्याला राहू दे म्हणणं सोपं नाही. आफ्रिकेतही संत्र्याच्या नर्सरीवाल्यांना ह्या डेमोडोकसचा असाच त्रास आहे, तिकडे तर त्या अळीला ऑरेंज डॉग म्हणतात.

पण हेही तितक्याच ठामपणे सांगतो की मोठ्या झाडाला ह्याचं काहीही होत नाही. पाच-सात वर्षांचं झाड असेल तर वर चार-दोन फांद्या खाल्लेल्या दिसतील, पुढच्या पालवीला भरून निघतं. लोक घरच्या परसातल्या मोठ्या लिंबाला फवारणी मारतात आणि मग म्हणतात मधमाशी येत नाही, फळ धरत नाही. अहो ज्या औषधाने अळी मरते त्यानेच बाकीचं पण मरतं. आणि ह्या अळीला मारणारे निसर्गात भरपूर आहेत, अंड्यात अंडं घालणारी ट्रायकोग्रामा नावाची डोळ्याला जेमतेम दिसणारी माशी, कोषाला भोक पाडणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, कोळी, बुलबुल, मुंग्या. शंभर अंड्यांतली फुलपाखरं होणारी मोजकीच. फवारलं की आधी हे मदतनीस जातात.

मी काय करतो, नवीन पालवीवर अंडी किंवा बारीक अळ्या दिसल्या की त्या पानासकट खुडतो आणि बांधावर बेलाचं मोठं झाड आहे त्याच्यावर नेऊन ठेवतो, बेल खाऊन पण ती मस्त वाढते. लहान रोपांवर नायलॉनची बारीक जाळी. ज्यांची संख्या फार जास्त आहे ते बीटीची, म्हणजे अळी मारणाऱ्या एका जिवाणूची फवारणी करतात, ती फक्त अळीवर चालते, पण दोन-चार कुंड्या असतील तर त्याचीही गरज नाही, हाताने उचला.

ताई, कमरेएवढ्या कुंडीतल्या झाडावर दोन-तीन अळ्या सुखाने वाढतील, त्याहून जास्त असतील तर बाकीच्या कोणाच्या तरी मोठ्या लिंबावर किंवा संत्र्यावर सोडा. खाण्याचा हिशोब असा आहे की लहानपणी ती फार खात नाही, हिरवी झाल्यानंतरच्या शेवटच्या टप्प्यात जे खाते तेच खरं खाणं, आधी सगळं मिळून खाल्लं त्याच्या कितीतरी पट. म्हणून लोकांना वाटतं कालपर्यंत झाड चांगलं होतं आणि एका रात्रीत खाल्लं.

पंचवटी_वाडा:

आमच्या वाड्यात बेलाचं जुनं झाड आहे. श्रावणात बेलपत्र काढताना कोवळ्या पानांवर अशी पिवळी गोल अंडी कायम दिसतात, ती पानं आम्ही बाजूला ठेवतो, देवाला वाहत नाही आणि टाकतही नाही, परत झाडाच्या बुंध्याशी ठेवतो. ही त्याच फुलपाखराची का?

अंजनेरीचा_भटक्या:

हो काकू, बहुतेक तीच. बुंध्याशी ठेवण्यापेक्षा फांदीच्या बेचक्यात पान अडकवून ठेवा, म्हणजे अळी बाहेर आली की तिला कोवळं पान जवळ मिळेल, इवलीशी असते, बुंध्यापासून वर चढेपर्यंत मुंग्या सोडत नाहीत. बाहेर आल्या आल्या ती आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खाते आणि मग पानाला लागते.

लिंबोणी_इंदिरानगर:

वा, किती छान सांगितलंत सगळ्यांनी. बहिणीला सगळं वाचून दाखवलं. तिने आणखी दोन गोष्टी विचारल्यात. एक, मोठ्या अळीला भाचीने काडीने हलकेच हात लावला तर तिच्या डोक्याच्या मागून एकदम नारिंगी-लालसर दोन शिंगं बाहेर आली आणि काहीतरी घाण वास सुटला, भाची आधी घाबरली आणि मग दिवसभर तेच सांगत सुटली. ते काय, विषारी आहे का? दुसरं म्हणजे पानं वाचवायला म्हणून तिने पालक आणि कोबीचं पान ठेवून बघितलं तर तोंड पण लावलं नाही. मग लिंबाशिवाय ही खरंच काही खात नाही का?

शेपू_बडीशेप:

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, नाशिकरोडला. ह्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शिंगं विषारी नाहीत, हाताला काही होत नाही, फक्त डोळ्याला हात लावायच्या आधी धुवा. तो अवयव सगळ्या पॅपिलिओ अळ्यांना असतो, एरवी आत ओढून ठेवलेला, डिवचलं की रक्तासारख्या द्रवाच्या दाबाने बाहेर येतो. लहान अळ्यांच्या शिंगांचा वास वनस्पतीच्या तेलांसारखा असतो, आणि शेवटच्या हिरव्या टप्प्यात मात्र रसायनच बदलतं, आयसोब्युटिरिक आणि मिथिलब्युटिरिक आम्ल, खवट झालेल्या लोण्याचा वास ज्या घराण्यातल्या आम्लांमुळे येतो तेच घराणं. डेमोडोकसच्या बाबतीत ह्याचा नीट अभ्यास झालेला आहे. मुंग्या आणि छोट्या शिकारी किड्यांना तो वास सहन होत नाही. आणि तिच्या पाठीवर पुढे जे दोन डोळे दिसतात ते डोळे नव्हेतच, नुसते ठिपके, खरं डोकं त्याच्या खाली लहानसं दडलेलं असतं. भाचीला भिंग देऊन बघायला सांगा, पान कुरतडताना कडेवरून वरून खाली, वरून खाली असं डोकं कसं चालतं ते फार बघण्यासारखं असतं.

आता खाण्याचं. पालक-कोबीला तोंड लावणार नाही हे बरोबरच, कारण ती चवीवर आणि वासावर चालते आणि त्या पानात तिच्या ओळखीचं काही नाही. लिंबाच्या कुळातली तेलं आणि काही कडू रसायनं असतील तरच तिला ते अन्न वाटतं. पण एक दुसरं कुळ आहे ज्याच्यात ह्यातली बरीच रसायनं सापडतात, ते म्हणजे बडीशेप, शेपू, धने, ओवा ह्यांचं कुळ. आणि दक्षिण आफ्रिकेत, खास करून केपच्या बाजूला, हेच डेमोडोकस फुलपाखरू बडीशेपेवर आणि तिच्या कुळातल्या रानटी झुडपांवर अंडी घालतं. तिथे त्याच्या अळीचं रूपही वेगळं आहे. लिंबावरची हिरवी अळी रुंद पानाला शोभेल अशी, मोठे डाग-पट्टे असलेली, आणि बडीशेपेवरची बारीक नक्षीची, म्हणजे त्या झुबकेदार बारीक पानांत लपून जाईल अशी. कुणालाही वाटेल की जे खाल्लं त्याने रंग बदलला. पण क्लार्क, डिक्सन आणि शेपर्ड ह्या तिघांनी १९६३ साली ह्यावर काम प्रसिद्ध केलं, त्यात दिसलं की हा फरक खाण्यामुळे नाही, आनुवंशिक आहे. म्हणजे जी अळी ज्या झाडावर नजरेआड होते ती वाचते, न जुळणारी पक्ष्यांना आधी सापडते, आणि हेच पिढ्यान् पिढ्या.

ह्यातले सिरिल क्लार्क कोण माहितीये का? लिव्हरपूलचे डॉक्टर, पेशाने फिजिशियन, आणि स्वॉलोटेल फुलपाखरांचं वेड. आफ्रिकेतलंच पॅपिलिओ डार्डेनस म्हणून आणखी एक फुलपाखरू आहे, ज्याच्या माद्या इतक्या वेगवेगळ्या रूपात असतात की एकाच जातीच्या आहेत ह्यावर विश्वास बसू नये, काही माद्या हुबेहूब दुसऱ्या कडू जातींची नक्कल करतात. त्याच्या आनुवंशिकतेवर क्लार्क आणि शेपर्डनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि तिथून त्यांचं लक्ष माणसाच्या रक्तगटांच्या आनुवंशिकतेकडे, म्हणजे आरएचकडे वळलं. आज निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईला बाळंतपणात अँटी-डीचं इंजेक्शन देतात, त्याच्यामागे जी संशोधकांची टोळी होती तिच्यात क्लार्क एक मुख्य होते. माझं स्वतःचं रक्त निगेटिव्ह आहे, मला दोन मुलं आहेत, दोन्ही वेळेला हे इंजेक्शन घेतलंय. म्हणून वर्गात कोणी म्हटलं की फुलपाखरं मोजून काय मिळतं, तर मी हे न चुकता सांगते.

बहिणीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे लिंबावर जन्मलेली अळी लिंबाच्याच कुळावर ठेवा. संत्रं, मोसंबी, ईडलिंबू, कुठलंही चालेल. बाजारातून नवीन रोप आणलं असेल तर मात्र त्याची पानं देऊ नका, नर्सरीतून फवारून आलेलं असू शकतं आणि अळ्या पटापट मरतात. ओळखीतल्या कोणाच्या बागेतली फांदी आणा, ज्याच्यावर औषध मारलेलं नाही अशी.

मखमलाबाद_रोपवाटिका:

मॅडम नर्सरीच्या रोपाचं बरोबर बोललात, मी स्वतः गिऱ्हाइकाला सांगतो. अँटी-डीचं माहीतच नव्हतं, आज घरात सगळ्यांना सांगितलं.

मोशीहून_सिडकोला:

आम्ही बरीच वर्षं टांझानियात मोशीला होतो, किलिमांजारोच्या पायथ्याला, आता परत सिडकोत. हे फुलपाखरू तिकडे आमच्या अंगणातलं रोजचं. अळीचं सगळ्यांनी सांगितलं म्हणून मोठं झाल्यावर काय खातं ते मी लिहिते.

खात नाही, पितं. सोंड लांब असते, एरवी गुंडाळलेली, आणि घाणेरी, पेंटास, जास्वंद, बोगनवेलीच्या झाडीत जे काही फुललेलं असेल ते सगळं चालतं. घाणेरी तर तिकडे पण आपल्यासारखीच वाट्टेल तिथे पसरलीय, ती ना त्यांची ना आपली, अमेरिकेतून आलेली. बघायची गोष्ट अशी की हे फुलावर निवांत पंख मिटून बसत नाही, मध पिताना पण पुढचे पंख थरथरत असतात, जेमतेम पायाने फूल धरलेलं असतं आणि झालं की पुढच्या फुलावर. फोटो काढणारे ह्याच्यावर वैतागतात. उडणं पण वेगाचं, पण जमिनीपासून फार उंच नाही, माणसाच्या उंचीच्या आसपास.

आमच्या अंगणात बाहेरच्या नळाखाली कायम ओल असायची. ऊन तापलं की तिथे चिखलात पाच-सात नर रांगेत बसलेले, सोंड मातीत, मागून पाण्याचे थेंब टाकतायत आणि पुढून पितायत. पाण्यासाठी नाही, त्या ओल्या मातीतल्या क्षारासाठी, मुख्य म्हणजे सोडियम, पानात आणि मधात ते फार कमी असतं. आणि जमलेले जवळजवळ सगळे नरच असतात, कारण नर तो साठा मिलनाच्या वेळी मादीला देतो आणि तो अंड्यांना कामी येतो. आपल्याकडे पावसाळा संपता संपता गंगापूर धरणाच्या कडेला, ओढ्याच्या वाळूत असेच थवे बसलेले मी बघितलेत, त्यात आपलं लिंबावरचं पण असतं.

बहिणीला म्हणावं गॅलरीत एका पसरट बशीत ओली वाळू ठेव, चिमूटभर मीठ टाकून. आलंच तर भाचीला जवळून बघता येईल.

आणखी एक, केनियात राहते तर सगळी फुलपाखरं फुलावर येतील असं धरू नका. तिकडे चराक्सिस म्हणून जाडजूड अंगाची, जोरात उडणारी फुलपाखरं आहेत, ती फुलाकडे फिरकत पण नाहीत, सडलेला आंबा, झाडातून गळणारा रस, जनावराचं शेण ह्याच्यावर बसतात. आमच्या आंब्याखाली पडलेल्या फळांवर इतकी जमायची की वरून पाय टाकायची भीती वाटायची. आणि रुईवरचं आपलं बिबळ्या कडवा, नारिंगी पंखांचं, ते तर तिकडे पण अगदी तेच, जात पण तीच. मोशीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्याएवढा आनंद झाला होता.

लिंबोणी_इंदिरानगर:

मला तर हे सगळं वाचून आता इथल्याच लिंबाखाली जाऊन बसावंसं वाटतंय. बशीचं सांगते तिला, मीठ-वाळू लगेच करेल ती.

शेवटचा प्रश्न. सगळ्यात मोठी अळी आज सकाळपासून झाडावर नाहीये, भिंतीवर फिरत होती, आणि तिने पातळ हिरवट घाण केलीय. आजारी पडली का? भाची रडकुंडीला आलीय.

अंजनेरीचा_भटक्या:

अजिबात आजारी नाही ताई, उलट आनंदाची बातमी आहे, भाचीला सांगा आता ती कोष करणार. कोषाच्या आधी अळी पोट पूर्ण रिकामं करते, ती घाण म्हणजे तेच, आणि मग खाणं बंद करून जागा शोधत भटकते, बऱ्याचदा ते झाडच सोडून जाते. तिला आडवू नका, फक्त मुंग्यांची रांग असेल तिथून लांब ठेवा. कुंडीत एक-दोन खरबरीत काड्या तिरक्या खोचून द्या, आवडली जागा तर तिथेच थांबेल. मग शेपटीकडचं टोक रेशमाच्या गादीला चिकटवते, कमरेभोवती एक रेशमी धागा घेते आणि त्याच्या आधाराने मागे रेलून राहते. एखाद दिवसात कातडी टाकली की कोष तयार. हिरव्या पाना-फांदीजवळ असेल तर बहुतेक हिरवा, कोरड्या काडीवर किंवा भिंतीवर असेल तर तपकिरी. दोन्ही ठीक, रंग बघून घाबरायचं नाही.

त्यातून दोन-तीन आठवड्यांत बाहेर यायला हवं, नैरोबी उंचावर आणि थंड आहे त्यामुळे थोडं जास्त पण लागेल. कोषाच्या खाली कमीत कमी वीतभर मोकळी जागा राहू द्या, कारण बाहेर आल्यावर पंख चुरगळलेले असतात आणि लटकूनच ते ताणून वाळवावे लागतात, जागा नसेल तर कायमचे वाकडे राहतात. आधी एक-दोन दिवस कोषातून पंखांची नक्षी दिसायला लागते, त्यानंतर सकाळी लवकर लक्ष ठेवा. आणि कोषाला बारीक गोल भोक दिसलं तर त्यातून गांधीलमाश्या निघाल्यात असं समजा, तेव्हा मुलीला तेही सांगा, लपवू नका, मुलांना कळतं.

शेपू_बडीशेप:

भटक्या दादांच्या शेवटच्या ओळीला माझं शंभर टक्के अनुमोदन. आणि ताई, भाचीला एक वही करायला सांगा, रोज अळीची लांबी पट्टीने मोजून लिहायची आणि शेजारी चित्र. शेवटच्या टप्प्यात साडेचार सेंटिमीटरच्या आसपास जाते, बाकीच्या अळ्या अजून लहान आहेत तर त्यांचं करता येईल. पूर्ण झाली की इथे फोटो टाका, मी माझ्या वर्गात दाखवीन.

लिंबोणी_इंदिरानगर:

नक्की टाकते मॅडम. काड्या खोचून झाल्या, अळी सध्या काडीच्या टोकाला पोचलीय आणि थांबलीय. बहिणीच्या ऑफिसातल्या एका बाईंकडे संत्र्याचं मोठं झाड आहे, कधी औषध मारलेलं नाही, उरलेल्यातल्या चार अळ्या उद्या तिकडे जाणार आणि येताना फांद्या आणणार. लिंबाला छाटणी लगेच करायची का थांबायचं?

मखमलाबाद_रोपवाटिका:

थांबा. झाडावरच्या अळ्या कोषात जाईपर्यंत काही कापू नका. मग खाल्लेली टोकं थोडी थोडी मागे घ्या, मूठभर शेणखत किंवा गांडूळखत द्या, पाणी बेताचं, आणि कुंडी उन्हाच्या बाजूला सरकवा. तीन-चार आठवड्यांत पालवी धरेल. पालवी आली की परत मादी येईल, तेव्हा अंडी दिसली तर दोन ठेवायची आणि बाकीची त्या संत्र्यावर.